साठानंतर एकसष्ट येत नाही

साठानंतर एकसष्ट येत नाही.
साठ येतो, मग साठ अ, साठ ब, साठ क,
असे एकामागोमाग नऊ जण,
आणि मग कुठे एकसष्ट,
पंगत उठल्यावर आलेल्या पाहुण्यासारखा.

ही फाइल रक्त गोठवणाऱ्या एका प्रथिनाची.
पूर्णगडला मामांच्या माडीवर मी ती उघडते,
नेट फक्त खाडीकडच्या खिडकीत येतं.
लावणीच्या चिखलात जळू चावली
की बायका चुना लावतात, तरी रक्त वाहत राहतं.
जळवेच्या लाळेतला एक रेणू
या प्रथिनाच्या जबड्यात कुठे अडकतो,
एवढंच बघायचं आहे मला.

पण माझ्या प्रोग्रॅमने सत्ताविसावा रकाना वाचलाच नाही.
तिथे ते अक्षर असतं, एकटं,
आकड्याच्या पाठीला पाठ लावून.
दहाही जण त्याला साठच दिसले,
आणि प्रत्येक नवा साठ
आधीच्यावर बसत गेला.
उरला तो शेवटचा.
एररसुद्धा आली नाही. बोंबलली असती तर बरं.
चित्रात मधली फळी गेलेल्या साकवासारखी
साखळी तुटलेली.

हैदराबादहून सर म्हणाले,
सोळापासून कसली सुरुवात, एकपासून मोजून टाक.
मोजलं.
सत्तावन्नचा त्रेचाळीस झाला,
एकशे पंच्याण्णवचा दोनशे पाच.
आता जुन्या कुठल्याही लेखात
एकशे पंच्याण्णव म्हणजे कापणारा, धारेचा तो,
आणि माझ्याकडे त्या दारात भलताच कुणीतरी
उघडाबंब उभा.

मुळात हे आकडे याचे नाहीतच.
गाईच्या स्वादुपिंडातल्या एका थोरल्या भावाचे.
धाकट्याला जिथे जास्तीचं वळण, तिथे अक्षरं खोचली.
जिथे कमी, तिथे आकडा सोडून दिला:
दोनशे सतरा, दोनशे एकोणीस.

दुपारी यासीन होडेकर पाकीट घेऊन आले.
बावीस वर्षं टपाल वाटतात. पत्ता: बंदरवाडी, साठ ड.
मी विचारलं, चाचा, दोनशे अठरा कुठे आहे हो?
म्हणाले, होतं. समुद्राने नेलं.
आणि तीनशे अकरा?
ते कधी नव्हतंच, पंचायतीचा कारकून मोजताना चुकला.
आणि कुलूप लावलेली?
ती वेगळी गो. माणसं बोटीवर आहेत,
येतील तेव्हा येतील.

मी फाइलकडे बघत राहिले.
माझ्याही एकशे एकोणपन्नासपाशी पोकळी आहे:
तिथे अमिनो आम्लं आहेत,
फक्त फोटो काढताना हलली, उमटली नाहीत.
वर शेऱ्यात त्यांची नावं लिहिलेली असतात.
मी शेरे कधी वाचले नव्हते.
पोकळी तोंडाने सांगत नाही
ती न जन्मलेल्याची, की हललेल्याची.

चाचांनी वही दाखवली.
डावीकडे जुना नंबर, उजवीकडे पंचायतीचा नवा,
मध्ये पेन्सिलीने घरवाल्याचं नाव.
एक वर्ष नवेच नंबर चालवले, म्हणाले,
गठ्ठ्याने पत्रं परत गेली.
पुसायचा नाही गो. तुझा बाजूला लिही.

मग आकडा मी आकडा म्हणून वाचणं सोडलं.
साखळी, संख्या, अक्षर:
तिघं मिळून एक नाव.
माझी एकपासूनची मोजणी शेजारच्या रकान्यात,
गुमान.

दिवेलागणीला ते नऊ जण दिसले,
जबड्यावर पडवी धरून उभे.
जळवेचा रेणू त्या पडवीखालूनच आत शिरत होता.
इतके दिवस मी छप्पर काढून
दार शोधत होते.

साठ डमध्ये कुणी नव्हतं.
चाचांनी पाकीट साठ कमध्ये दिलं
आणि वहीत तसं लिहिलं.